शिंपला की वाळूगुलाब

तुम्हाला हसू येईल, पण आमच्या घरात दोन रंगांवरून आठवडाभर घोळ चालला होता. यिल्वा, माझी मुलगी, सहा वर्षांची. न्यूमोनियातून उठल्यापासून ती आमच्या कुशीतून हलत नव्हती. स्वतःची खोली मिळाली तर एकटी निजेल, एवढीच माझी आशा. म्हणून फ्योर्डच्या खाडीकाठच्या या जुन्या लाकडी घरातली वरची खोली तिला द्यायची ठरली आणि मी भिंतीवर नमुन्याचे दोन चौकोन रंगवले. एक ‘शिंपला’, एक ‘वाळूगुलाब’. दोन्ही फिकट, गुलाबीकडे झुकलेले.

“यातला फरक दाखव, महिनाभर भांडी मी घासतो,” नवरा म्हणाला. आयविनला लाल आणि केशरीही एकच.

आमच्याकडे जुनी भिंत रंगवण्याआधी कोपरा खरवडून खालचे थर बघतात. मी खरवडला. वाळूगुलाब. त्याखाली शिंपला. पुन्हा वाळूगुलाब, पुन्हा शिंपला... अकरा थर मोजले. खोलीत ओल्या लोकरीसारखा वास सुटला.

शेजारच्या बोर्गहिल्डबाई वाफल्स घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

“एक लावला की दुसरा हवा होतो,” त्या हळूच म्हणाल्या. “आधीच्या सगळ्यांचं असंच झालं.”

“कोणाला हवा होतो?”

“इथे निजणाऱ्या मुलांना...” ताटली माझ्या हातात देऊन त्या जिना उतरल्या.

मी घाबरले, कबूल करते. दोन्हींचा नाद सोडला आणि शनिवारी आम्ही खोली हिरवीगार करून टाकली. चांगले दोन हात दिले.

हिवाळ्यात आमच्याकडे दुपारी घटकाभरच उजेड असतो. रविवारी त्या उजेडात मी वर गेले. पलंगाशेजारी एक उभट डाग होता, यिल्वाएवढ्या उंचीचा. तिथे हिरवा धरलाच नव्हता. रंगाच्या दुकानातून आणलेले नमुन्याचे कागद डागाला लावून पाहिले. शिंपला नाही, वाळूगुलाबही नाही.

“ती तिथेच असते,” यिल्वा मागून म्हणाली. “आधी दिसत नव्हती. आता दिसते.”

“कोण गं, सोन्या...?”

ती पुढे गेली आणि तिने डागावर तळवा टेकला. मी तिला ओढायला धावले. पण डागाचा रंग तिच्या कातडीचाच; तिचा हात कुठे संपतो नि भिंत कुठे सुरू होते, ते मला दिसेना.

त्या दिवसापासून यिल्वा एकटी निजते. भिंत आता सगळीकडे सारखी हिरवी आहे, डाग कुठेच नाही. हवं होतं ते झालं. पण तिच्या केसांना आता ओल्या लोकरीचा वास येतो, आणि लेकीला जवळ घ्यायला माझा हात धजत नाही.