काढीव मुहूर्त

"साहेब, गावाला चुना लावायला आलात व्हय?"

मी सायकल थांबवून विचारलं, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला डोक्यापासून बुटांपर्यंत पांढराफटक होऊन उभा होता. फक्त डोळे काळे... आणि ते हसत होते.

"गावाला नाही, या काळ्या मातीला," तो म्हणाला. "पावसात फुगते, उन्हात भेगाळते. चुना मिसळून दाबली की शहाण्यासारखी वागते."

"आन् न्हाई वागली तर?"

"तर मला श्रीरामपूरला परत पाठवा. नाव काय तुमचं?"

"भागिरथी."

तो नोहा साळवे, बांधकाम खात्यातला नवा इंजिनिअर. सोनईहून आमच्या वस्तीकडं येणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्याला प्रयोगासाठी मिळाला होता. १९९६ सालचा मार्च होता. मी रोज त्याच वाटेनं कॉलेजला जायचे आणि त्या दिवसापासून माझी सायकल नेमकी त्या तुकड्यापाशीच पंक्चर व्हायला लागली.

माझे वडील, सूर्यभानदादा, त्याला गमतीनं म्हणाले होते, "हितं डांबर टिकत न्हाई, तुजा चुना काय टिकनार? एक पावसाळा काढला ना, तर माग काय मागायचं ते. देतो."

दादा शब्दाचे पक्के. नोहानं तो शब्द मनात धरला आणि एका संध्याकाळी मला म्हणाला, "रस्ता टिकला की मी दादांकडे... तुम्हाला मागणार."

मी घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आले, तिच्यावर बसायचं सुचलंच नाही.

तो ख्रिस्ती, मी पाटलाची. पण दादांनी एकदा शब्द दिला की भावकीचं काही चालत नसे. शिवाय पावसाळ्यात आमच्यात लग्नं नसतात, तुळशीचं लग्न लागेपर्यंत मला कुणी हलवत नाही, हे मीच त्याला छाती ठोकून सांगितलं होतं.

श्रावणात स्थळ आलं. मुलगा मिलिटरीत, सुट्टी तेवढीच. भटजींनी पंचांग चाळून काढीव मुहूर्त दिला. अडल्या वेळी असाही निघतो, हे मला कुठं ठाऊक होतं... मी तशीच चिखलातून रस्त्यावर गेले. तो वाकून कडेची माती दाबून बघत होता.

"आजच दादांशी बोला."

"आज?" तो उभा राहिला. "अजून परतीचा पाऊस व्हायचाय, भागिरथी. आपल्याकडे खरा तोच. त्याच्याआधी रस्ता टिकला असं कसं म्हणू?"

"टिकला न्हाई तरी बोला."

"कुठल्या तोंडानं? त्यांनी शब्द दिलाय तो रस्त्यावर. माझ्याजवळ दुसरं आहे काय?"

"मी हाय की."

तो परत मातीकडं वाकला. इतका प्रामाणिक माणूस मला त्या घडीला नकोसा झाला.

लग्न झालं. मग परतीचा पाऊस आला — असा, की ओढ्याला पूर येऊन पलीकडचा डांबरी रस्ता पार उखडला. चुन्याच्या तुकड्याला मात्र साधी भेग नाही.

दिवाळीला माहेरी आले, तर नोहा ओसरीवर बसलेला. दादांनीच बोलावलं होतं.

"जिंकलास गड्या. माग आता, काय पायजे?"

मी चहा घेऊन उभी होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं पाहिलं.

"पुढच्या तुकड्याला पाणी लागेल," तो म्हणाला. "तुमच्या विहिरीचं द्याल?"

"एवढंच व्हय?" दादा हसायला लागले. "लई साधा हाय गडी."

"द्या, दादा," मी म्हणाले. "यळेवर मागितलं असतं, तर तुमी आनखी बी दिलं असतं."

दादांचं हसू थांबलं. ते आधी माझ्याकडं बघत राहिले, मग त्याच्याकडं. हळूच म्हणाले, "शब्द दिल्ता म्या. दिलं असतं."

त्यापेक्षा ते चिडले असते तर बरं झालं असतं.