बायकांना वेगळं विचारायचं

बॅग ठेवायला मीरिमने डिकी उघडली आणि ती किंचाळलीच. आत बिनमुंडक्याचा बोकड आडवा पसरला होता.

"हे... हे कोण?"

"उद्याचा चेंडू," गाडीवाला शांतपणे म्हणाला. "उद्या उलाकचा खेळ आहे. घोड्यावरून ओढाओढी करायची याची. बॅग मांडीवर घ्या, तो काही सरकायचा नाही."

टपावर गारा ताडताड वाजत होत्या. नारीन शहरातून आलेली शेअर गाडी घाटातच बंद पडली होती आणि थांबलेली ही एकच. मीरिमने त्याच्याकडे पाहिलं. वाऱ्याने तडकलेले गाल, भुवईवर घोड्याच्या टापेची जुनी खूण आणि डोळे... डोळ्यांकडे बघायचं तिने टाळलं. गाडीच्या नंबराचा फोटो मैत्रिणीला पाठवला, तोही त्याला दिसेल असा.

"शेवटचा आकडा चिखलाने झाकलाय," तो म्हणाला. "सात आहे. नीट कळवा."

"कळवते. इकडे मुलींना गाडीत कोंबून नेतात आणि संध्याकाळी डोक्यावर पांढरा रुमाल टाकून सून करतात. मी आपल्या पायाने बसतेय, भाडं देऊन. हा फरक लक्षात असू द्या."

"असू दिला," तो हसला. "मी उलारबेक. गावात काय काम?"

"विचारायचं काम. निवडणुकीत गावच्या जागेसाठी कोण कुणाला मत देणार? पुरुषांना वेगळं विचारायचं, बायकांना वेगळं."

"वेगळं कशाला? आमच्या घरात मतं चार, पण तोंड एकच. वडिलांचं. अख्खं गाव तालाय बाइकेंचं आहे. माझे काका ते. उलाकसाठी मोठं मैदान बांधणार आहेत."

"आणि समोर कोण?"

"शायिरा एजे, दवाखान्यातली नर्स. हात हलका आहे तिचा, सुई टोचलेली कळत नाही. पण म्हणून मत?"

"बायकांना काय वाटतं?"

घोड्यांना काय वाटतं असं विचारलं असतं तर त्याने घाट उतरेपर्यंत सांगितलं असतं. बायकांचं त्याला खरंच माहीत नव्हतं.

"कोण जाणे..." तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात बढाईऐवजी कुतूहल आलं. ते मीरिमला आवडलं. तिला स्वतःचा रागही आला, पण आवडलं.

आठवडाभरासाठी तिने त्याचीच गाडी ठरवली. घरोघर तीच तऱ्हा. पुरुष लोडाला टेकून सांगायचा, "तालाय." बायको कडेला बसून चहा ओतत म्हणायची, "तालाय." मीरिम म्हणायची, या ताईंशी जरा एकटं बोलू? की पुरुष भडकायचा, "का? माझ्यासमोर तिची जीभ झडते का?" नाही झडत. फक्त ती तुझी जीभ होते. हे मीरिम मनात म्हणायची आणि पुढच्या घरी जायची. उलारबेकच्या घरीही तेच झालं. त्याची आई उऊलकान मान खाली घालून म्हणाली, "तालाय," आणि तिच्या हातातली किटली जराही हलली नाही. इतकं सराईत खोटं मीरिमने राजधानीतल्या पुढाऱ्यांकडूनही ऐकलं नव्हतं.

"बघा," गाडीत उलारबेक म्हणाला. "एक तोंड."

"हो. आणि बाकीची तीन शिवलेली."

"तुम्ही नेहमी अशाच बोलता की मी खास?"

"खास असता तर एव्हाना तुम्हीच विचारलं असतं आईला."

तो हसला नाही. आरशातून तिच्याकडे बघत राहिला आणि रस्त्यावरची मेंढरं अंगावर यायला लागली तेव्हा भानावर आला.

मग एके दुपारी उऊलकाननेच तिला अंगणामागे बोलावलं. बायका नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, करायला जमल्या होत्या. बोरूच्या चटईत लोकर गुंडाळायची, उकळतं पाणी ओतायचं आणि रांगेत गुडघ्यांवर बसून कोपरांनी तो गुंडाळा दाबत लोटायचा. त्या वाफेत आणि ओल्या लोकरीच्या वासात पुरुष फिरकत नाही. तिथे त्याची अब्रू जाते म्हणे.

"बाह्या वर कर, शहरवाली," उऊलकान म्हणाली. "हात चालव आणि विचार काय ते."

मीरिमने विचारलं. रांगेतून हसू उसळलं.

"शायिरा! आणखी कोण?"

"तालाय मैदान देतोय. आम्ही काय त्यावर बोकड ओढायचा?"

"घोडे नदीवर जाऊन पाणी पितात. घरात पाणी कोण आणतं? जानेवारीत बर्फ फोडून बघ म्हणावं एकदा. शायिरा नळ आणते म्हणतेय."

"मग घरात खोटं का सांगता?" मीरिमने विचारलं.

"सगळं खरं सांगायला लागलो तर संसार कधी करायचा, बाई?"

पुन्हा हशा. उऊलकान मात्र हसली नाही. कोपराखालची लोकर दाबत म्हणाली, "मला गाडीत कोंबून आणलं तेव्हा कुणी विचारलं नाही. मुलांची नावं ठेवताना विचारलं नाही. मतदानाच्या पडद्याआड मात्र मी एकटी असते. सासू नाही, नवरा नाही. जरा वेळ लावते मी तिथे. बरं वाटतं." मग तिने मीरिमचं मनगट धरलं. "हे इथून बाहेर गेलं तर आमची खैर नाही."

"नाही जाणार, अपा," मीरिमने आईला द्यावा तसा शब्द दिला.

परतताना उलारबेक चुळबुळत होता. "काका विचारत होते... बायकांचं काय? कोणत्या घरांची मतं कच्ची आहेत?"

"नाही सांगणार."

"निदान माझ्या आईचं तरी—"

"तिलाच विचारा."

तेवढ्यात दुकानापाशी त्याच्या खेळातले मित्र आडवे आले. एकाने बोनेटवर थाप मारली. "काय रे, पोरगी तर गाडीतच आहे! वळव घराकडे! रुमाल मी आणतो!"

उलारबेक हसला. सवयीचंच हसू ते, क्षणभराचं. पण मीरिमचा हात दाराच्या कडीवर गेला.

"थांबव गाडी."

"अगं, चेष्टा करतायत ते..."

"ज्याला उतरून जाता येतं त्याच्यासाठीच ती चेष्टा असते. थांबव!"

त्याने गाडी थांबवली. ती उतरली आणि धुळीतून सरळ शाळेतल्या आपल्या मुक्कामाच्या खोलीकडे चालत गेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गाडीने तिने गाव सोडलं. रस्ताभर तिला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त राग याचा की मागे वळून बघावंसं वाटत होतं.

निवडणूक झाली. शायिरा निवडून आली. मीरिमने राजधानीत, बिश्केकमध्ये, बातमी वाचली आणि एकटीच हसली.

पुढच्या आठवड्यात ती कचेरीतून बाहेर पडली तर समोरच्या झाडाखाली उलारबेक उभा! नवाकोरा शर्ट, घड्या तशाच.

"गाडी नाही आणली," तो घाईने म्हणाला. "मुद्दामच. बसने आलो."

कोपऱ्यावर मक्सिम, म्हणजे आंबवलेल्या धान्याचं थंड पेय, विकणारी बाई होती. तिच्याकडून मीरिमने दोन पेले घेतले आणि एक त्याच्यापुढे धरला.

"गावात काय चाललंय?"

"पुरुष एकमेकांना गद्दार म्हणतायत. काका म्हणतात नदीपलीकडच्यांनी दगा दिला, वडील म्हणतात मास्तरांनी. एकमेकांच्या घरचं मटण बंद केलंय. स्वतःच्या चुलीकडे मात्र एकानेही वळून पाहिलं नाही." त्याला हसू आवरेना. मग ते ओसरलं. "मी आईला विचारलं. तू उतरून गेलीस त्याच संध्याकाळी. ती म्हणाली, 'तुला हवंय की तुझ्या काकाला?'"

"मग?"

"काकांना जाऊन सांगितलं, मी कुणाला विचारणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. घोडा त्यांचा होता. काढून घेतला. संघातूनही गेलो."

मीरिमने त्याच्याकडे पाहिलं. घोड्याचं नाव घेताना त्याची मूठ लगाम धरल्यासारखी मिटली होती आणि तो ते लपवत नव्हता.

"त्या दिवशी मी हसलो," तो म्हणाला. "ते माझ्या डोक्यातून जात नाही. मीरिम, तुला... म्हणजे तू मला नाही म्हणणार नाहीस ना, जर मी—"

"असं विचारायचं नसतं. उत्तर आपणच सुचवलं की माणूस खोटं बोलतो. पुन्हा विचार. सरळ."

त्याने पेला खाली ठेवला. हात पॅन्टला पुसले.

"उलारबेकबद्दल तुझं मत काय?"

"आणखी कोण आहे यादीत?"

"मला काय माहीत!" तो घाबरला. "आहे का कोणी?"

रस्त्यावरून ट्रॉलीबस गेली. मक्सिमवाली बाई दोघांकडे टक लावून बघत होती. मीरिमला हवं तेवढं थांबता येत होतं. कुणी घाई करत नव्हतं. तिच्या वतीने कुणी बोलत नव्हतं. या थांबण्याची चव तिने जरा वेळ घेतली...

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"अशा लोकांना आम्ही पुढचा प्रश्न विचारतो," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरला चिकटून राहिलेली टाचणी हळूच काढली. "विचार ना. तुझा कल कुणाकडे आहे, असं विचार."

"तुझा कल... कुणाकडे आहे?"

मक्सिमवाली पुढे वाकली. मीरिम त्याच्या कानाशी गेली आणि तिने उत्तर फक्त त्यालाच ऐकू येईल असं दिलं.