इअरफोनच्या लाइनवरचा नवा माणूस

"अहो, दारात काय उभे? बसा ना... नवे आहात?"

सुप्याच्या इअरफोनच्या कारखान्यात मी आवाज तपासते. त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती आणि निळ्या शर्टातला हा माणूस गोंधळून उभा होता. मला वाटलं, ट्रेनी. तो मुकाट्यानं बसला.

"नाव?"

"कल्याण."

"मी निकिता. नेवाशाची. हे कानात घाला. खरखर आली की बाजूला टाकायचं."

"खरखर नाही... तुमच्या बांगड्या वाजताहेत."

"मग नीट बसलं न्हाई कानात!" म्हणत मी उगाचच बांगड्या मागं सारल्या.

आठवडाभर तो शेजारी बसला. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाताना विचारायचा, घरातली म्हातारी माणसं कानात काय घालतात? मी म्हणाले, "आमच्या आबांचा टीव्ही तर अख्खी गल्ली ऐकते." तो हसला.

शनिवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. माईक हातात घेऊन उभा होता कल्याण! पुण्याच्या ऑफिसातला साहेब. कंपनी इअरफोन बंद करून कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाची मशिनं बनवणार, म्हणाला. नव्या कामावर निम्मेच लोक घेणार.

मग ते हसणं? तेही कंपनीचंच काम होतं?

जिन्यात त्यानं मला गाठलं. "निकिता, ऐका तरी..."

"आठवडाभर ऐकलंच की, साहेब! पहिल्याच दिवशी सांगायचं हुतं."

"सांगणार होतो. पण तुम्ही बसा म्हणालात, आणि... उठावंसंच वाटलं नाही."

राग आला होता, पण टिकत नव्हता. "मला घेणार का न्हाई?"

"तुमच्या लाइनची निवड माझ्याकडं होती, ती मी सोडली. आता पुण्याच्या ऑफिसातल्या पूजा मॅडम करतील."

"का? मी नको म्हणून?"

"नाही... तुमच्याबाबतीत मला सरळ न्याय करता येणार नाही म्हणून."

त्याचा अर्थ कळेपर्यंत मी खाली गेटाशी पोचले होते.

सोमवारी पूजा मॅडमनी काम बघून मला घेतलं. माझ्या पलीकडच्या कडूबाईला मात्र नाही. हसू की रडू, समजेना. तिला रिक्षात बसवून वळले, तर कल्याण बॅग घेऊन उभा.

"पुण्याला चाललोय. रविवारी परत आलो तर... चालेल?"

"कंपनीच्या कामाला?"

"नाही. तुमच्यासाठी. तुम्ही मला आवडता, निकिता."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मला अजून तुमचा राग येतोय."

"येऊ दे."

"आणि..." मी त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "तुमी बी या."