अर्ध्या पानाचं गाणं

सरका पुढे. तू नको, मागच्या वेळी घाबरून माझ्याच गुडघ्यावर चढलास, अजून दुखतोय. आणि दात काढू नका. जन्मभर थापा मारल्या, कबूल. पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या कुलूपवाल्याची आहे.

त्याचा कान म्हणजे कान! कुलपाला लावायचा, तार फिरवायचा, आतली पिन टिक बोलली की गालात हसायचा. पण गिटार हातात घेतली की ठार बहिरा. वाजवायची ती त्याची बायको. त्याच्यासाठी ती कागदावर सहा रेघा ओढायची, सहा तारांच्या सहा, आणि रेघांवर आकडे लिहायची. कुठली तार गिटारच्या दांडीवर कितव्या पट्टीत दाबायची, ते. हा पठ्ठ्या वीजबिल वाचल्यासारखं गाणं वाजवायचा.

ती चिडवायची, "अहो, कुलपाचं ऐकता आणि माझं नुसतं वाचता! एक दिवस सगळे आकडे पुसून टाकीन."

मग ती आजारी पडली. स्वतः रचलेलं एक गाणं त्याच्यासाठी लिहायला घेतलं, शाईनं. अर्ध्या पानावर हात थांबला. म्हणाली, "पुढचं गुणगुणते, तुम्ही कानानं शोधा."

हा म्हणाला, "बरी हो, मग लिहूनच दे."

तिनं तरी गुणगुणलं. याचं लक्ष कागदाकडे.

ती बरी झाली नाही.

आठ महिने हा रोज अर्धं गाणं वाजवायचा आणि थांबायचा. पुढचं काही केल्या आठवेना. एका मंगळवारी बारीक तार तुटली म्हणून दुकानात गेला. वाटेत मला भेटला, तारेची पुडी दाखवली, दोन विनोदही केले. घरी येऊन तार बसवली. झोप येईना म्हणून रात्री पावणेदोनला वाजवायला बसला, आणि वीज गेली.

कागद दिसेना. तरी बोटं सवयीनं चालली. अर्ध्या पानापर्यंत. थांबली.

आतल्या खोलीतून कुणीतरी पुढचा सूर गुणगुणलं.

...

यानं तार चाचपली. चुकला. गुणगुणणं थांबलं. वाट बघत राहिलं. पुन्हा चाचपली. सापडला. लगेच पुढचा सूर. ती एकेका आकड्यावर बोट ठेवून शिकवायची, अगदी तसं.

ए गुडघ्यावर चढणाऱ्या, दिवा लावू नकोस.

एकेक सूर. एकेक पिन. कुलपाची शेवटची पिन कळते तसं कानाला कळलं, आता शेवटचा राहिला. आणि याच्या ध्यानात आलं... गाणं संपलं की ती जाणार.

मुद्दाम चुकीची पट्टी दाबली.

ती थांबली. पुन्हा गुणगुणली. हा पुन्हा चुकला. पुन्हा... पुन्हा... सव्वाचार वाजेपर्यंत.

मग तिला धाप लागली. शेवटच्या दिवसांत लागायची तशी. सूर तुटायला लागला. तरी सोडेना.

"बास गं," हा म्हणाला. "मला मघाशीच सापडलाय."

आणि बरोबर पट्टी दाबली.

...

वीज आली. आत कुणी नव्हतं. तिच्या पलंगावरच्या चादरीला सुरकुतीही नव्हती.

हे सगळं त्यानं वर्षभरानं सांगितलं. त्या सकाळी मात्र माझ्या दारात आला आणि नुसता कागद पुढे धरला. तो कागद मी दहादा पाहिलेला. मीच त्यावर चहा सांडलेला. डाग होता, जिथल्या तिथे. रेघाही होत्या, सहाच्या सहा.

आकडा एकही नव्हता.