इशरतची जोरातली दुसरी सर्व्हिस

टेनिसचा चेंडू कुंपणावरून गेला आणि रस्त्यावर कुणीतरी सायकलसकट धाडकन पडलं.

मी रॅकेट घेऊनच बाहेर धावले. जांभ्याच्या लाल धुळीत एक तरुण बसला होता. टोपी एकीकडे, वह्या दुसरीकडे. चेंडू मात्र त्याच्या हातात.

“लागलं का हो?”

“नाही… म्हणजे, थोडं.” त्यानं वर पाहिलं आणि चेंडू पुढे केला. “पहिली सर्व्हिस होती वाटतं?”

“दुसरी.”

“दुसरी इतक्या जोरात? मग पहिली कुठं गेली?”

“समुद्रात असेल – बघून या!”

तो हसला. हायस्कुलात नवे आलेले गणिताचे मास्तर, इद्रीस.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज कुंपणापाशी दिसू लागले. मी बघायचं नाही असं ठरवायची… आणि ओढणी कमरेला उगाच दोनदा खोचायची.

अब्बा बोटीवर होते, एडनला. घरात हुकूम सुलेमानचाचांचा. जिल्ह्याच्या फायनलला मी पोचले, समोर रोज माझ्याबरोबर खेळणारी माझीच मैत्रीण वासंती. चाचांनी बजावलं, “पहिली चुकली की दुसरी हळू टाकायची. पोरीच्या जातीनं जपून खेळावं. हरलीस तर रॅकेट माळ्यावर जाईल.”

त्या संध्याकाळी इद्रीसनी कुंपणावरून एक कागद पुढे केला.

“चिठ्ठी?”

“गणित,” ते म्हणाले, पण कान लाल झाले होते. “आठ दिवस मोजतोय. चाचा समोर असताना हळू टाकलेल्या वीस दुसऱ्या सर्व्हिस सगळ्या आत पडल्या, पण वासंतीबाईंनी त्या झोडपल्या. पॉइंट मिळाले पाच. जोरात मारलेल्या वीसपैकी आठ बाहेर गेल्या, तरी पॉइंट दहा.”

“म्हणजे माझंच बरोबर?”

“तुमचंच. फक्त… कधीतरी ऐन वेळी बाहेर जाईल. तेवढी छाती हवी.”

“ती आहे,” मी म्हणाले.

फायनलचा तिसरा सेट. वासंतीला एकच पॉइंट हवा होता. माझी पहिली सर्व्हिस जाळीत गेली. खारा वारा तोंडावर येत होता. “हळू, इशरत, हळू!” चाचा खुर्चीतून ओरडले. मी इद्रीसकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

मी सगळा जीव लावून मारली.

चार बोटं बाहेर.

वासंतीनं धावत येऊन मला मिठी मारली. “आत पडली असती तर मला दिसलीही नसती गं!”

चाचांनी हात पुढे केला. “रॅकेट दे.”

“देणार नाही.”

“हरलीस ना?”

“हरले. उद्या पुन्हा खेळेन आणि दुसरी अशीच मारीन.”

इद्रीस मध्ये आले. “चाचा, तिचं चुकलं नाही. वीस वेळा–”

“तुम्ही कोण बोलणारे, मास्तर?”

“मी… अजून कुणी नाही.”

“अजून?” मी त्यांच्याकडे वळले. “मग विचारा ना. सगळ्यांसमोर.”

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “इशरत… माझ्याशी निकाह कराल?”

“करीन. पण खेळणं सोडणार नाही.”

“सोडलंत तर मीच रुसेन.”

चाचा लालबुंद झाले. “थांब, तुझ्या अब्बांना आत्ता तार करतो!”

“करा ना, चाचा,” मी रॅकेट काखेत मारली. “आणि मी हरले, तेही लिहा.”