निखारे विझेपर्यंत

राहू दे. त्या झडपेला हात लावू नकोस. निखारे अजून लाल आहेत. थंडी वाजत असेल तर आणखी एक पांघरूण घे, पण झडप उघडीच राहील. तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याला वेड लागलंय, लाकडं जाळून आभाळ गरम करतोय. वाटू दे. सरका जवळ, का ते सांगतो. ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतली, त्याच्या शेजारी बसून मी अकरा वर्षं पोट भरलंय.

माझं चष्म्याचं दुकान आणि त्याला लागून त्याचं घड्याळदुरुस्तीचं. घड्याळवाला म्हणूनच सगळे त्याला ओळखत. हात सोन्याचे. फक्त खोड एकच, जगात जे जे हलतं ते आपल्याला कळतं असा त्याचा पक्का समज. त्या उन्हाळ्यात त्याने गावाच्या टोकाचं एक जुनं घर घेतलं. बैठकीच्या खोलीत भिंतीतली शेकोटी, वर दगडी चिमणी. थंडी तोंडावर आली तसं त्याने एके दिवशी चिमणी साफ करायला मिस्त्रीला घरी बोलावून घेतलं.

मिस्त्री बोलका माणूस. काजळी खरवडता खरवडता त्याने सगळं समजावून सांगितलं. खाली जाळ. जाळावर गळा. गळ्यात ही लोखंडी झडप, भिंतीतल्या दांडीने फिरणारी. त्याच्या वर धुराची नळी आणि छपरावर टोपी, पाऊस नि पाखरं आत शिरू नयेत म्हणून. वर्षातून एकदा काजळी काढायची, नाहीतर एखाद दिवशी तीच पेट घेते. टोपीची जाळी तुंबली तर धूर घरात शिरतो. घड्याळवाला हं हं करत होता. अर्धं कानात, अर्धं वाऱ्यावर.

शेवटी मिस्त्रीने दांडीवर हात ठेवला.

"एवढं मात्र ध्यानात ठेवा. निखारे विझेपर्यंत झडप लावायची नाही. धूर दिसतो साहेब, निखाऱ्याचा वायू दिसत नाही. माणूस झोपतो तो झोपतोच. या घरातल्या आधीच्या बाईंचं तुम्हाला..."

तेवढ्यात दुकानातून फोन आला आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

आता रात्र ऐका. एकोणीस जानेवारी, रविवार. बायको आजारी आईला बघायला डोंगरापलीकडे गेलेली. दुपारपासून बर्फ. चार वाजता रस्ता बंद, सात वाजता वीज गेली. घरात तो आणि पाच वर्षांची लेक. लेकीला सणकून ताप आणि छाती भरलेली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, औषध द्या, आणि काही झालं तरी रात्रभर तिला गारठू देऊ नका, सकाळी रस्ता मोकळा झाला की घेऊन या. मग फोनही मुका झाला.

कोठीत लाकडं होती तीन.

लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर ती. तिच्यासाठी त्याने जेवायचं टेबल फोडलं, मग खुर्च्या फोडल्या. साडेदहाला शेवटच्या खुर्चीचे निखारे झाले. घरात जाळण्यासारखं काही उरलं नाही. पोर दोन रजयांत कुडकुडत होती आणि शेकोटीकडे हात नेला की कळत होतं, खोलीतली सगळी ऊब चिमणीतून वर चाललीय. मिस्त्रीचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण तासाभराने काय होतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

त्याने झडप लावली.

खोली जरा उबदार झाली. पोरीचा डोळा लागला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी... खाड्.

झडप उघडी. दांडी आडवी. वाऱ्याने झालं असेल म्हणून त्याने पुन्हा लावली. बसतो न बसतो तोच... खाड्. पुन्हा लावली. पुन्हा उघडली. सैल झालीय, त्याचं दुरुस्तीचं डोकं म्हणालं. सैल असेल तर आवळायची. त्याने हत्यारांच्या पेटीतून तार काढली, दांडीला चार वेढे दिले आणि भिंतीतल्या खिळ्याला पिळून बांधली.

"बाबा, डोकं दुखतंय," पोर म्हणाली.

"तापाने दुखतंय बाळा. झोप."

त्याचंही डोकं जड झालं होतं. डोळ्यांपुढे काजवे. पण ऊब होती. ऊब हवी होती. बाकी काही त्याला नको होतं.

बारा वाजून दहा मिनिटं. तार ताणली.

हळूहळू ताणली. कोणीतरी पलीकडून, नळीच्या आतून, अंगातलं सगळं बळ लावून दांडी फिरवत होतं. एक वेढा सुटला. दुसरा. तो उठून दांडीला लोंबकळला. दोन्ही हातांनी. वारा असा ओढत नाही. वारा थांबून, दम घेऊन, पुन्हा ओढत नाही.

त्याला रडू कोसळलं. कोणापुढे, ते त्याला माहीत नव्हतं.

"माझी पोर गारठतेय हो... राहू द्या ना. हात जोडतो."

ओढ थांबली.

शांत.

पोरीकडे बघितलं. ती हलत नव्हती. झोपलीय, त्याला वाटलं. बरं झालं.

मग शेकोटीतून आवाज आला.

चर्र...

ओलं काहीतरी निखाऱ्यांवर ठेवल्यासारखा. त्याने खाली पाहिलं. कोणी नव्हतं. लाल निखाऱ्यांत एक जागा काळी पडली होती. पावलाएवढी.

चर्र...

शेजारी दुसरी.

दांडी त्याच्या हातात होती. घट्ट. आणि मग खालून, चिमणीच्या गळ्यात, असा दणका बसला की तार तुटली, दांडी वाकली, तो मागे फेकला गेला. खोलीत बर्फाचा गार वारा घुसला. तो रांगत पोरीकडे गेला. तिला पोटाशी धरलं, स्वतःचा कोट, गालिचा, होतं नव्हतं ते अंगावर ओढलं आणि रात्रभर त्या न दिसणाऱ्या कोणाला तरी शिव्या घालत राहिला. पहाटे पोरीने पाणी मागितलं.

आठाला रस्ता उघडला. त्याची बायको बर्फ काढणाऱ्यांच्या गाडीतून आली, वाटेत तिने मिस्त्रीलाही घेतलं होतं, चिमणीची टोपी वाऱ्याने पडली असेल म्हणून. ते पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त तपासलं, त्यात निखाऱ्याचा वायू सापडला, आणि त्यांनी विचारलं, खिडकी कोणी उघडली? आणखी अर्धा तास गेला असता तर...

दुपारी घरी आले. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं.

"आधीच्या बाईंनी ही झडप एकदाच लावली होती," तो म्हणाला. "लेकरं गारठतील म्हणून. सकाळी त्या एकट्याच उठल्या. पुढे मरेपर्यंत बावीस वर्षं इथंच राहिल्या, पण झडप नाही लावली कधी."

मग त्याने वाकून झडप सोडवली आणि उजेडात आणली. करंगळीएवढ्या जाडीचं लोखंड, मधोमध वर फुगलेलं. वर. म्हणजे जोर खालून लागला होता. आणि खाली तर निखारेच होते.

खालच्या अंगाला हाताच्या पंजाच्या आकाराचे दोन खळगे होते, शेजारी शेजारी. मिस्त्रीने एकावर आपला पंजा ठेवून पाहिला. मोठा पडला. घड्याळवाल्याने ठेवला. त्याचाही मोठाच.

मग त्याच्या बायकोने ठेवला. बोटं बरोबर बसली... आणि तिने तो हात लवकर काढला नाही.