उत्तरछायेची संमती

रत्नागिरीच्या बालन्यायालयात त्या सकाळी नऊ वर्षांच्या चार्वी मयेकरच्या दोन उत्तरछाया साक्षीला उभ्या राहिल्या. मुलाच्या मेंदूचा नकाशा घ्यायचा, त्याला पुढे मिळणारं घर, माणसं, हवापाणी संगणकात भरायचं आणि ते मूल तिशीत काय बोलेल ते पडद्यावर ऐकायचं. अशा प्रतिमेला उत्तरछाया म्हणत. मुलाचं आयुष्य कायमचं बदलणारा निर्णय तिच्या संमतीशिवाय घ्यायचा नाही, असा कायदाच होता.

चार्वीच्या आईला, वैदेहीला, चंद्रावरच्या वसाहतीत काम मिळालं होतं. तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या मुलांची हाडं पृथ्वीवर शरीराचा भार पेलत नसत. एकदा गेलेलं मूल परत येत नसे. वेगळे राहणारे वडील चार्वीला सोडायला तयार नव्हते.

चंद्रावर वाढलेली छाया हसून म्हणाली, "आईने नेलं ते फार बरं केलं."

किनाऱ्यावर वाढलेली म्हणाली, "बाबांनी ठेवून घेतलं, म्हणून तर मी अशी घडले."

न्यायाधीश सुमेधा आगाशे यांनी उत्तरछाया घडवणाऱ्या डॉ. नाझनीन मुकादम यांना दालनात बोलावलं.

"दोघीही सुखी? यातली एक तरी खोटी असेल."

"दोन्ही खऱ्या आहेत, मॅडम. माणूस ज्या आयुष्यात वाढतो त्याचीच बाजू घेतो."

"नाराज छाया कधी पाहिलीत?"

"छळ झालेल्या मुलांच्या. बाकी सगळ्या खूश."

सुमेधाताईंनी चार्वीलाच आत बोलावलं. "तुला काय वाटतं, बाळा?"

"मला विचारताय?" चार्वी गोंधळली. "सगळे त्या पडद्यावरच्या मोठ्या बाईलाच विचारतात." मग हळूच म्हणाली, "मला नाही जायचं. पण आईला सांगू नका हं, ती रडेल."

चार्वी सज्ञान होईपर्यंत इथेच राहील, असा निकाल लागला. वैदेही रडलीच. मग डोळे पुसून तिने लेकीला जवळ घेतलं. "मीच येत जाईन गं सुट्टीला." आईबाबांचे हात धरून चार्वी उड्या मारत बाहेर पडली. कितीतरी दिवसांनी सुमेधाताईंना समाधान वाटलं.

"डॉक्टर, छायेच्या होकारावर आजवर मी किती मुलं वर पाठवली! त्यांना विचारू या का एकदा?"

"विचारा की," नाझनीन म्हणाल्या. "आम्ही मजेत आहोत, असंच सगळी सांगतील. आणि ते खरंही असेल."